कोंडीचो दोंगर

२०१९ ची दिवाळी झाली आणि पंचायतीच्या शिपायानं एक जाडजूड फॉर्म घरी आणून दिला. लोकजैवविविधता नोंदवही. २००२ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक पंचायतीनं ती करायची असते; आमच्या पंचायतीला ती मुदत संपता संपता आठवली. गावात कोणी निवृत्त शिक्षक असला की असली कामं वाट न चुकता त्याच्या दारात येतात. मी वर्षभरापूर्वीच निवृत्त झाले होते, त्यामुळे नाही म्हणायला सबबही नव्हती.

झाडं, पक्षी, भाताच्या जाती, व्हाळातले मासे हे सगळं पंधरा दिवसांत जमलं. 'पाण्याचे स्रोत' या रकान्यात मी पाच नावं लिहिली: व्हाळ, देवळाची तळी, पंचायतीची बाव आणि दोन झरी. मग खात्री करून घ्यावी म्हणून थोरल्या घरच्या काकीकडे गेले. गाव तिला वडली काकी म्हणतं. वय पंच्याऐंशीच्या आसपास, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. मी पाच नावं वाचून दाखवली. ती थोडा वेळ थांबली, मी पान उलटेन असं तिला वाटलं असावं.

"इतलेंच?"

मग तिनं बोटांच्या पेरांवर अंगठा ठेवत मोजायला सुरुवात केली. यादी म्हणतात तशी ती यादी नव्हती. सकाळी म्हशी घेऊन ती घरातून निघाली, मांगराच्या मागून वर चढली, डाव्या अंगाला वळली, आणि वाटेत जिथं जिथं म्हशी पाण्याला थांबत तिथं तिथं ती थांबली. परत गोठ्यात आली तेव्हा सतरा झाली होती. त्यातली बारा नावं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. मी या गावात लग्न होऊन आले १९८४ साली. बत्तीस वर्षं इथल्या शाळेत मुलांना 'माझा गाव' हा निबंध लिहायला लावला.

नोंदवही मुदतीत गेली. त्या रकान्यात मी सतराही नावं लिहिली आणि बारा नावांपुढे 'आता नाही' असं लिहिलं. तालुक्याच्या कचेरीतून विचारणा झाली, जे नाही ते नोंदवायचं कशाला. प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर शोधता शोधता आमची चार माणसांची मंडळी आणि गावाच्या आठवणींची एक वही तयार झाली.

गाव डिचोली तालुक्यातलं. नाव लिहीत नाही, कारण या गोष्टीत ज्यांच्याशी आमचं वाजलं ते सगळे अजून त्याच वाटेनं येतात-जातात. गावाच्या उत्तरेला एक डोंगर होता. आता तिथं खड्डा आहे आणि खड्ड्यात पाणी आहे, हिरवट, न हलणारं. शेजारी दुसरा डोंगर उभा आहे तो आमच्या सासऱ्यांच्या लहानपणी नव्हता. तो मातीचा, खाणीतून काढून टाकलेल्या. आमच्याकडे एक टन मिनेर, म्हणजे लोहखनिज, काढायला साधारण अडीच-तीन टन माती बाजूला सारावी लागते. ती कुठंतरी ठेवायला हवी, म्हणून हा डंप. त्यावर अकेशिया लावली आहे. लांबून पाहणारा पाहुणा म्हणतो, काय छान हिरवा डोंगर आहे तुमचा.

१० सप्टेंबर २०१२ ला सरकारनं गोव्यातल्या खाणी थांबवल्या, महिन्याभरात सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली, ७ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयानं नूतनीकरण केलेली ८८ लीजं रद्द केली आणि मार्चच्या मध्याला यंत्रं पुन्हा बंद झाली. हे सगळं वर्तमानपत्रात आलेलं आहे, कोणालाही सापडेल. गावात त्याचा अर्थ असा झाला की दारोदार ट्रक झाकून उभे राहिले, आणि माणसांना बोलायला वेळ मिळाला. आमचं काम त्या रिकाम्या वेळातच झालं, हे मान्य करायला हवं. खाण चालू असती तर कोण येणार होतं रविवारी चार वाजता देवळाच्या सभामंडपात?

येणारे असे: मी. खाणीवर सर्व्हेअर म्हणून दहा वर्षं काम केलेला आणि २०१८ पासून घरी बसलेला माझा एक विद्यार्थी. सारमानसच्या धक्क्यावरून बार्ज चालवलेले एक निवृत्त तांडेल, ज्यांना सगळा गाव मामा म्हणतो. आणि नाना, ज्यांनी पोर्तुगीज राजवटीत 'प्रिमेर ग्राव' केलं होतं आणि त्या एका परीक्षेच्या बळावर ते आमचे दुभाषी झाले.

पहिल्या बैठकीला मात्र तीस-पस्तीस माणसं आली. त्यांना वाटलं नुकसानभरपाईची नवी यादी होते आहे. तसं काही नाही म्हटल्यावर निम्मे उठले. उरलेल्यांत एक ट्रकमालक होता, माझ्या धाकट्या दिराचा मित्र. तो शांतपणे म्हणाला, "बाई, तुमच्या घरचो ट्रक तुमी खंय बरयतले?"

मंडपात एकदम शांतता. आमच्या घरचा ट्रक १९८८ साली कर्जावर घेतला होता. त्याच्या खेपांवर माझ्या दोन्ही मुलांचं शिक्षण झालं, घरावर दुसरा मजला चढला. मी म्हटलं, पहिल्या पानावर लिहिते. आणि लिहिलं. ट्रकचा नंबर, घेतल्याचं साल, विकल्याचं साल. त्या दिवसापासून लोक आपापल्या गोष्टी सांगायला लागले. नाहीतर बाई शाळेतल्यासारखी आपल्याला गुण देणार, अशीच सगळ्यांची समजूत होती.

माणसांना सन आठवत नाहीत. आम्हाला सन हवे होते. मग सर्व्हेअरनं वहीच्या मागं एक कोष्टक केलं: कोण कशावरून काळ मोजतं. 'मुक्तीआदी' म्हणजे डिसेंबर १९६१ च्या आधी. 'ओपिनियन पोल' म्हणजे जानेवारी १९६७, गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही यावरचं मतदान. 'भाऊ वारले तो पाऊस' म्हणजे ऑगस्ट १९७३. भाऊ म्हणजे दयानंद बांदोडकर, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री, ते स्वतः खाणमालक होते. आमच्या गावातली मराठी शाळा त्यांच्याच काळातली, म्हणून त्यांच्याबद्दल वाकडा शब्द इथं कोणी ऐकून घेत नाही. आणि शेवटचा टप्पा 'चायना आला'. २००३-०४ नंतर चीननं आमचं हलक्या प्रतीचं मिनेरही घ्यायला सुरुवात केली, जुने डंप उकरून माती विकली गेली, रस्त्यावर ट्रकांच्या रांगेत शाळेची बस तासभर अडकायची. हा टप्पा मात्र लहान पोरालाही सांगता येतो.

तांडेल मामांनी दोन रविवार एकट्यानं घेतले. मिनेराचा पुढचा प्रवास त्यांच्याइतका कोणालाच ठाऊक नव्हता. धक्क्यावर बार्ज भरायची, ओहोटी-भरती बघून मांडवीतून खाली जायचं, आग्वादच्या तोंडातून बाहेर पडून मुरगावला. पावसाळ्यात आग्वादला वाळूचा पट्टा आणि लाटा, तिथून बार्ज काढता येत नाही. मग कुंभारजुव्याच्या कालव्यातून आत शिरून जुवारीत उतरायचं. त्या अरुंद कालव्यात समोरून दुसरी बार्ज आली की काय करायचं, हे त्यांनी दोन चपला जमिनीवर सरकवून दाखवलं. मी विचारलं, मामा, एवढी वर्षं तुम्ही डोंगर वाहून नेलात, कधी मनात काही आलं नाही? ते म्हणाले, "बाई, भरलेल्या बार्जीचं पाणी बघायचं असतं, माल नाही."

हे उत्तर मी तसंच लिहून ठेवलं आहे.

माझ्या सासूबाईंना मी असं काही विचारलं नाही. त्या १९९९ मध्ये गेल्या. मुक्तीआदी, जपानच्या पोलाद कारखान्यांना इथून मिनेर जायला लागलं त्या दिवसांत, यंत्रं फारशी नव्हती. पुरुष कुदळीनं खणायचे, बायका चुंबळीवर पाटी घेऊन खाली उतरायच्या. सासूबाई त्यात होत्या. त्यांच्या मानेवर मागं एक घट्टा होता, केस बांधताना दिसायचा. मला एवढंच ठाऊक की एकदा टीव्हीवर खाणीबद्दल काही चाललं होतं आणि त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या होत्या, "आमींच दोंगर माथ्यार घेवन सकयल हाडला." मी तेव्हा हसले होते. किती पाट्या, मजुरी कशी मिळायची, पोरांना कोणाकडे ठेवून जायच्या, यातलं एक अक्षर मी विचारलं नाही. पंधरा वर्षं एका चुलीवर जेवण केलं आम्ही.

त्यांच्या ट्रंकेत सासऱ्यांच्या पावत्या सापडल्या. दोऱ्यानं बांधलेला गठ्ठा. पावसात डंपची माती वाहून शेतात यायची, भाताच्या मुळांवर तांबडा गाळ बसायचा, आणि दर वर्षी दिवाळीच्या आगंमागं कंपनीचा माणूस येऊन पैसे वाटायचा. कोणाचं शेत किती कुडव बियाण्याचं यावरून रक्कम. त्या पावत्या मी टेबलावर पसरून नीट पाहिल्या. छापील मजकूर इंग्रजीत, मधली जागा भरलेली, खाली रसीद तिकीट आणि तिकिटावर आडवी सही. सासऱ्यांची सही पहिल्या तीन-चार पावत्यांवर पूर्ण नावाची, वळणदार मोडीच्या अंगानं जाणारी. पुढं ती आखडत गेली. शेवटच्या पावत्यांवर नुसती एक अक्षर-रेघ. छापील मजकुरात लिहिलं होतं की पीकनुकसानीबद्दल पैसे मिळाले, यापुढं त्या हंगामाची तक्रार नाही. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. तरी काय लिहिलंय हे त्यांना कळत नव्हतं असं मला वाटत नाही. पावत्या थांबतात त्याच्या आधीच शेत थांबलं होतं. वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं भात, तर त्याहून आधी, कारण वायंगणाला पाट लागतो आणि पाटाला झर.

म्हणजे फिरून पुन्हा झरीच.

वडल्या काकीला वर न्यावं असं ठरलं. एका रविवारी तिला गाडीत घालून खाणीच्या फाटकापर्यंत नेलं. फाटकावरचा रखवालदार गावचाच, त्यानं दुसरीकडे पाहिलं. कडेपासून चांगल्या अंतरावर खुर्ची ठेवली, ती बसली. समोर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेला तांबडा खड्डा, तळाला पाणी. सर्व्हेअर उत्साहानं म्हणाला, काकी, आता दाखव कुठली झर कुठं. तिनं बराच वेळ पाहिलं. मग डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारलं, चहा आणलाय का. तिला तिथं एकही नाव आठवेना. घरी बसून पेरांवर मोजणारी बाई तिथं मुकी झाली. आम्ही चहा पाजून तिला परत आणलं. चूक आमची होती. वाट दाखव म्हणून आम्ही तिला जिथं वाटच नाही अशा जागी नेऊन बसवलं होतं.

पुढच्या वेळी तिच्या घरीच बसलो. तिनं सुनेकडून चिंचोके मागून घेतले आणि ओटीवरच्या फरशीवर एकेक ठेवत चालली. हा आमचा उंबरा. हा मांगर. इथून वर. इथं एक दगड, म्हातारा बसतो तसा. इथून दोन वाटा. ती ठेवायची, सर्व्हेअर तिच्या मागं खडूनं खुणा करायचा आणि मधेमधे विचारायचा, चढ किती, धाप लागायची का, म्हशी आपसूक जायच्या की हाकाव्या लागायच्या. त्याचे प्रश्न ऐकून मला माझ्या शिकवण्याची लाज वाटली, इतके ते नेमके होते. खाणीवर दहा वर्षं त्यानं याच डोंगराच्या पातळ्या मोजल्या होत्या. खड्ड्याचा तळ समुद्रसपाटीच्या खाली गेलाय, हे त्यानंच मला सांगितलं. मी उभ्या आयुष्यात समुद्र आपल्यापेक्षा खालीच असतो असं समजत होते.

अकरावा चिंचोका ठेवून काकी म्हणाली, इथलं पाणी सगळ्यांत गार. पोरानं खुणा पाहिल्या, मोबाईलवर काहीतरी जुळवलं, पुन्हा पाहिलं.

"काकी, ही झर आता हवेत आहे," तो म्हणाला. "चाळीसेक मीटर वर. खाली काहीच नाही."

काकीनं वर पाहिलं. ओटीच्या आढ्याकडे. मग बारावा चिंचोका उचलला.

त्या दुपारी सतरांपैकी चौदा जागा बसल्या. तीन बाबतींत तिची वाट आणि त्याचं गणित जमलं नाही, त्या तशाच सोडल्या आहेत.

एका झरीनं मात्र मला धडा शिकवला. शाळेच्या वरच्या अंगाला एक झर होती, तिचं पाणी मी लग्न होऊन आले त्या वर्षी प्यायले, हे मी वर्गात कितीदा सांगितलं असेल. ओंजळ कशी बधिर झाली, हिरव्या चुड्याला कसं पाणी लागलं. शाळेचं जुनं शेरेबुक आम्ही मिळवलं ते दुसऱ्याच कशासाठी, पटसंख्या पाहायला. त्यात तपासणीला आलेल्या साहेबांचा १९८१ चा शेरा आहे: वरची झर आटल्यामुळे मुलांची पिण्याच्या पाण्याची गैरसोय, सध्या टँकरनं पाणी येतं. १९८१. मी आले १९८४ ला. मी वही मिटली, घरी आले, कोणाला काही बोलले नाही. दोन दिवसांनी तांडेल मामांच्या मंडळींनी सहज सांगितलं, अगं, नव्या नवरीला आम्ही देवळामागच्या झरीवर न्यायचो, तुलाही तिथंच नेली होती. ती झर अजून वाहते. माझी बत्तीस वर्षांची गोष्ट खोटी नव्हती, फक्त भलत्याच पाण्याची होती. शाळेजवळच्या झरीबद्दल ऐकलेलं सगळं मी तिच्यावर चढवलं असणार. त्यानंतर आम्ही नियम केला, कोणीही ठासून सांगितलं तरी दुसरा साक्षीदार किंवा कागद मिळेपर्यंत पेन्सिलीनं लिहायचं. माझ्या नावावर पेन्सिलीच्या नोंदी सगळ्यांत जास्त आहेत.

सन हाती लागले तरी डोंगराचं नाव लागेना. गावात कोणालाही विचारा, तो 'डोंगर'. पुढं खाणीच्या भाषेत 'नॉर्थ', 'बी पिट', 'वयलो बेंच'. एवढ्या मोठ्या डोंगराला नाव नसेल हे मला पटत नव्हतं. आमच्याकडे चार माडांच्या भाटालाही नाव असतं.

ते सापडलं सगळ्यांत अनपेक्षित ठिकाणी. पोर्तुगीजांनी २० सप्टेंबर १९०६ च्या हुकूमनाम्यानं आपल्या वसाहतींसाठी खाणींचा कायदा केला. त्याखाली गोव्यात कन्सेशनं दिली गेली, आणि त्यांना मुदतच नव्हती. घेणाऱ्यानं अटी पाळल्या तर कायमची त्याची. १९८७ मध्ये भारताच्या संसदेनं कायदा करून ती मोडली आणि त्यांची लीजं केली, तीही मागच्या तारखेनं, २० डिसेंबर १९६१ पासून. कोर्टकचेरीच्या निमित्तानं या कागदांच्या झेरॉक्स पंचायतीच्या एका फायलीत पडून होत्या. पुसट, दोनदा झेरॉक्स केलेल्या. नानांनी चष्मा कपाळावर चढवून भिंग घेतलं आणि त्या पोर्तुगीज मजकुरावरून बोट फिरवायला लागले. नंबर. वर्ष. घेणाऱ्याचं नाव. पूर्वेला कोण, पश्चिमेला काय. आणि मग थांबले.

"नाव दिलंय," ते म्हणाले. "कोंडीचो दोंगोर."

पाकल्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, कारकुनानं त्यांच्या अक्षरांत आमची कोंकणी जशीच्या तशी उतरवली होती. डोंगर खणायचा तर तो कुठला हे लिहावं लागतंच. ज्या कागदानं डोंगर गेला त्याच कागदात त्याचं नाव राहिलं. मी त्या संध्याकाळी जरा जास्तच बोलले असेन, कारण नाना शेवटी म्हणाले, बाई, आदी वाचूंक दिया.

कारण वाचणं सोपं नव्हतं. पोर्तुगीजांनी डिचोलीचं बिचोलिम केलं, साखळीचं सांकेलिम केलं. शेवटच्या म-चा उच्चार नाकातला, आणि ड-द, ण-न यांत त्यांना फरक दिसत नाही. म्हणजे ही कोंड, व्हाळातला खोल डोह? की कोंडा, भाताचा? की अजून काही? नाना कोंड्याच्या बाजूचे होते. त्यांच्या मते डोंगराच्या पायथ्याशी भात सडायची जागा असणार. सर्व्हेअर आणि मी डोहाच्या बाजूचे, कारण काकीच्या चिंचोक्यांत सहावा चिंचोका एका डोहाचा होता, म्हशी तिथं दुपारभर बसायच्या. तांडेल मामा म्हणाले दोन्ही लिहा, भांडण मिटेल. काकीला विचारलं तर तिनं भलतंच सांगितलं: डोंगराला असं नाव आमच्याकडे कोणी घेतच नव्हतं. मग हे नाव पलीकडच्या गावचं असेल का? तिथं गेलो. तिथल्या एका वृद्ध गृहस्थांनी नाव ऐकताच मान डोलावली, होय होय, कोंडीचो. अर्थ विचारल्यावर तेही थांबले. एका डोंगराच्या दोन बाजूंना राहणारी माणसं, एकांना नाव ठाऊक, दुसऱ्यांना डोह ठाऊक.

मधल्या काळात महामारी आली, दोन वर्षं बैठका बंद. नाना त्यात गेले नाहीत, पण त्यांची नजर गेली. आता कागद मी अक्षरं लावून वाचते आणि ते ऐकून सांगतात. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारनं खाणींचे ब्लॉक लिलावात काढले. पहिल्या चार ब्लॉकांची नावं पेपरात आली तेव्हा नानांना वाचून दाखवली: एकाचं नाव 'मोंत द शिरगाव'. ते खुदकन हसले. मोंत म्हणजे डोंगर. राजवट जाऊन साठ वर्षं झाली, डोंगर तेवढे अजून पोर्तुगीजच.

लिलावाच्या बातमीनंतर आमच्या वहीला अचानक मागणी आली. खाण नको म्हणणारे आले, त्यांना झरींची यादी हवी होती. खाण हवी म्हणणारे आले, त्यांना पहिल्या पानावरचे ट्रक हवे होते, किती घरं खाणीवर जगली हे दाखवायला. त्यातल्या एकाचं म्हणणं मला खोडता आलं नाही. खाण बंद झाल्यावर खड्ड्यातलं पाणी उपसणारे पंपही बंद झाले, आणि त्या उपशाच्या पाण्यावर ज्यांची कुळागरं चालली होती ती सुकायला लागली. झर खाणीनं नेली, मग पाणीही खाणच देत होती, आता दोन्ही नाही. हे वहीत कुठल्या बाजूला लिहू? दोघांनाही पूर्ण वही झेरॉक्स करून दिली. अर्धी कोणालाच द्यायची नाही, यावर आम्हा चौघांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

गेल्या उन्हाळ्यात सर्व्हेअरनं नकाशा नीट काढून डिचोलीहून मोठ्या कागदावर छापून आणला. चौदा जागा निळ्या ठिपक्यांत, तीन पोकळ वर्तुळांत, खड्ड्याची कड तुटक रेघेनं. वर उत्तर, कोपऱ्यात प्रमाण. आम्ही तो घेऊन काकीकडे गेलो. तिनं कागद हातात घेतला, पाहिला आणि उलटा केला. पोरगा म्हणाला, काकी, उत्तर वर असते. ती म्हणाली, माझं घर माझ्याजवळ हवं, नाहीतर मी निघू कुठून?

कागद उलटाच ठेवला. तिनं घरावर बोट ठेवलं, मांगराच्या मागून वर नेलं, डाव्या अंगाला वळवलं. सहाव्या ठिपक्यापाशी बोट थांबलं.

"हांगा म्हशी बसताल्यो."

त्यानं संधी साधली. पेन काढून विचारलं, मग काकी, आता सांगच, हे डोंगराचं नाव त्या कोंडीवरून की कोंड्यावरून?

"तें पाकल्याक विचार," काकी म्हणाली आणि बोट पुढं सरकवलं.